धनराजभाऊची झोप

बल्लारपूरच्या पेपर मिलमधून धनराज दोनाडकर निवृत्त झाले, पण त्यांची दुपारची झोप काही निवृत्त झाली नाही. उभं आयुष्य शिफ्टमध्ये गेलेलं, त्यातही रात्रपाळी जास्त. सकाळी घरी यायचं, आंघोळ करायची, गरम वरणभात खायचा आणि मधल्या खोलीत पंख्याखाली आडवं व्हायचं, ते उन्हं कलेपर्यंत. मिल सुटली तरी शरीराने तेच धरून ठेवलं. रात्री ते कूस बदलत पडत आणि दुपारी जेवणाचं ताट बाजूला सारलं, की डोळे आपोआप मिटत.

या झोपेचा त्यांना अभिमान होता. गल्लीच्या टोकाला पिंपळाखाली निवृत्त लोकांची बैठक बसे. तिथे कोणी तक्रार केली, की घरात टीव्ही आणि नातवंडं डोळा लागू देत नाहीत, तर धनराजभाऊ मान हलवत.

"घराचं वातावरण लागते, बाबू. मी कधी कोणाले 'चूप बस' म्हनलो नाई. आपलं घरच शांत हाय."

घर रेल्वेलाइनपासून जवळ. कोळशाच्या वाघिणी ओढत मालगाडी निघाली की खिडक्यांच्या काचा थरथरत. तिने त्यांना जाग येत नसे. चमचा पडला असता तर मात्र ते ताडकन उठून बसले असते. पण हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं, कारण चमचा कधी पडतच नसे.

त्यांची एकुलती एक मुलगी दिव्यानी मुंबईला होती. नागपूरला चित्रकला शिकली, मग बडोद्याला गेली आणि तिथे रंग-ब्रश ठेवून तिने कॅमेरा हातात घेतला. ती जे करायची त्याला व्हिडिओ आर्ट म्हणतात, हे धनराजभाऊंना पाठ झालं होतं. त्यात गोष्ट नसते, गाणी नसतात. प्रदर्शनात भिंतीवर ते चालू असतं. लोक येतात, उभे राहतात, जातात. हे सगळं पिंपळाखाली समजावून सांगणं अवघड, म्हणून ते "पोरगी पिक्चर काढते" एवढंच सांगत आणि "हिरो कोन हाय मंग?" असं कोणी विचारलं, की चहा मागवत.

मागच्या उन्हाळ्यात दिव्यानी कॅमेरा घेऊन घरी आली आणि चांगली महिनाभर राहिली. दिवसभर आईच्या मागे मागे फिरायची. रंभाबाई भांडी घासताहेत, पाणी भरताहेत, पोरगी आपली कॅमेरा रोखून बसलेली. धनराजभाऊंना त्यात काही बघण्यासारखं दिसलं नाही.

एक दिवस ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा, तुमचं बी काम हाय यात."

"मले काय करा लागन?"

"काईच नाई. रोजच्यासारखे झोपा. मी फक्त तुमचा आवाज रेकॉर्ड करते. चालन ना?"

"झोपेत कायचा आवाज?"

रंभाबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेल्या. धनराजभाऊंनी परवानगी दिली आणि नेहमीसारखे झोपले.

त्यानंतर दिवाळी होऊन गेली, आणि एका सकाळी दिव्यानीचा फोन आला. मुंबईच्या एका मोठ्या कला संग्रहालयात देशोदेशीच्या व्हिडिओ कलाकारांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात तिचं काम घेतलं होतं. एक आख्खी खोली तिला दिली होती. "तुम्ही दोघं येऊन राह्यले," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

रंभाबाई लगेच मागे सरल्या. "मी काऊन येऊ? मले त्यातलं का समजते? बाबाले घेऊन जा."

"आई, तू नाई आली तं मी बी जात नाई तिथी."

धनराजभाऊ मात्र फोन ठेवायच्या आधीच पिंपळाखाली पोचले होते. या वेळी हिरोचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. त्यांनी विचार केला होता. पोरीने त्यांचा आवाज घेतला होता, तोही मधल्या खोलीत माइक लावून. मग दुसरं कोण असणार?

"मीच असन," ते म्हणाले.

शेजारच्या मुखरूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदम खोकल्याची उबळ आल्यासारखं तोंड फिरवलं. मुखरूभाऊ सुतार. दोघांच्या घरांमध्ये भिंत एकच. धनराजभाऊंनी त्यांना खोकल्याची गोळी देऊ केली.

मग तयारी झाली. केस काळे केले. फिकट निळा नवीन शर्ट शिवून घेतला, कारण पडद्यावर पांढरा चमकतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं; तो शर्ट पडद्यावर नव्हे, पडद्यासमोर घालायचा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. रंभाबाईंनी पोरीसाठी तांदळाचं पीठ, लाखोळीची डाळ आणि मोहाचे लाडू बांधून घेतले. रीताबाई, पलीकडच्या घरच्या, गाडीवर सोडायला आल्या आणि निघताना रंभाबाईंच्या कानात काहीतरी बोलून दोघी लहान मुलींसारख्या हसल्या. धनराजभाऊंनी तिकडेही लक्ष दिलं नाही. ते गाडीतला आपला डबा शोधत होते.

संग्रहालय मोठं होतं, आत थंड होतं आणि इतकं स्वच्छ, की रंभाबाईंनी पायरीवरच चपला काढल्या. दिव्यानीने त्या परत घालायला लावल्या. "इथी चालते, आई." पण स्वतःच्या खोलीच्या दाराशी आल्यावर ती म्हणाली, "इथी मात्र काढा. मीच सांगतलं सगळ्यायले काढाले."

खोली अंधारी होती. जमिनीवर मऊ सतरंजी. तीन भिंतींवर तीन मोठी चित्रं चालू होती, आणि चौथ्या भिंतीला टेकून काही माणसं बसली होती. प्रदर्शन सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. धनराजभाऊ मध्ये उभे राहिले आणि स्वतःला शोधू लागले.

समोरच्या भिंतीवर हात होते. बांगड्या मनगटावर वर सारून त्यावर फडकं गुंडाळलेले. ते हात ओट्यावर घडी केलेला टॉवेल पसरत होते आणि त्यावर स्टीलचे पेले एकेक करून उतरवत होते. झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसे. पेला टेकला तरी आवाज नाही.

"हे तं तुहे हात होय," ते रंभाबाईंना म्हणाले.

"हो."

"अन् मी कुठी हाव?"

"आयका ना जरा."

त्यांनी कान दिला. खोलीत पंख्याची घरघर होती. आणि त्या घरघरीच्या खाली आणखी एक आवाज. खोल, संथ, वर चढणारा, मग थोडा थांबून शिट्टी मारत खाली येणारा. भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी त्या शिट्टीला हसली.

"हे..."

"तुमीच," रंभाबाई म्हणाल्या.

धनराजभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. देशोदेशीची माणसं येणार आणि त्यांचं घोरणं ऐकणार. ते दाराकडे वळणार होते, तेवढ्यात डावीकडच्या भिंतीवर मुखरूभाऊ आले. भिंतभर मोठे. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी आपली जुनी स्कूटर बंद केली, खाली उतरले आणि हँडल धरून ती ढकलत आणू लागले. ऊन रणरणत होतं. सुताराची हत्यारांची पिशवी खांद्यावर. दोनाडकरांच्या खिडकीसमोरून जाताना त्यांनी स्कूटर आणखी हळू केली, आणि पिशवीतलं काही वाजू नये म्हणून एका हाताने पोटाशी दाबून धरली. पुढे गेले. आपल्या दारात स्टँडवर लावली, तीही अलगद.

"याची गाडी बिघडली होती का?" धनराजभाऊंनी विचारलं.

ते हळूहळू खाली बसले.

मग ते पाहत राहिले. नळाच्या तोंडाला बांधलेली लांब कापडाची पट्टी, तिचं दुसरं टोक बादलीत, म्हणजे पाणी पट्टीवरून घसरत उतरावं, बादलीत वाजू नये. दाराच्या कडीला गुंडाळलेलं जुनं बनियन. ते बनियन त्यांचंच होतं. फोडणी देण्यासाठी रंभाबाई शेगडी घेऊन मागच्या अंगणात बसल्या होत्या. भिंतीवरून मिक्सरचं भांडं पलीकडे गेलं, रीताबाईंच्या हातांनी ते झेललं, पलीकडचं दार लागलं आणि थोड्या वेळाने वाटलेली चटणी भिंतीवरून परत आली. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. चिंध्यांचा चेंडू. एकाचा त्रिफळा उडाला, आणि सगळ्यांनी दोन्ही हात वर करून तोंडं उघडली, गळ्याच्या शिरा फुगल्या, आवाज मात्र कुणाच्या तोंडून निघाला नाही. भाजीवाली बाई गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ओरडत आली आणि तिथून पुढे एकदम गप्प. प्रत्येक दारावर बोटाच्या पेराने टकटक करत गेली.

मध्येच मालगाडी गेली. तिचा आवाज खोलीभर घुमला, आणि त्यातही घोरणं तसंच चालू राहिलं.

"हे सगळं आत्ता केलं तुमी? कॅमेऱ्यासाठी?" त्यांनी हळूच विचारलं.

दिव्यानी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली होती. "मुखरूकाका, रीतामावशी, भाजीवाली मावशी, यायले मी म्हटलं, पहिले करत होते तसं एकदा करून दाखवा. कोणाले शिकवा नाई लागलं. पोरं आत्ताची हाय, त्यायले रीतामावशीनं शिकवलं. आईले तं काहीच सांगा नाई लागलं. तिनं सोडलंच कुठी?"

धनराजभाऊ बायकोकडे वळले. "काऊन नाई सांगतलं मले? एवढ्या वर्षांत एकदा बी नाई?"

रंभाबाईंना या प्रश्नाचं नवल वाटलं. "सांगून का केलं असतं? झोप लागली असती तुमाले मंग?"

धनराजभाऊंच्या मनात दुसरंच काहीतरी वर आलं होतं आणि ते त्यांना स्वस्थ बसू देईना. दिव्यानी नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. शाळेतल्या बाईंचा निरोप आला होता, की मुलगी बोलत नाही. विचारलं तर ओठ हलवते, आवाज काढत नाही. धनराजभाऊ घाबरले होते. पोरीला घेऊन चंद्रपूरला डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, म्हणाले, काही नाही, ठीक आहे. ठीक कसं असेल? ते कितीतरी दिवस देवाला विचारत होते, की माझ्या पोरीचा आवाज कुठे गेला. आता या अंधाऱ्या खोलीत त्यांना कळलं, तो कुठे गेला होता. तो त्यांनीच नेला होता, पंख्याखाली झोपून.

दुपारी कलाकारांशी गप्पांचा कार्यक्रम होता. एका मोठ्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. दिव्यानी समोर बसली. प्रदर्शन मांडणाऱ्या बाईंनी तिची ओळख करून दिली, मग लोकांनी प्रश्न विचारले. कॅमेरा कुठला, किती काळ चित्रीकरण केलं, वगैरे. मग मागच्या रांगेतून एक तरुणी उठली.

"तुमचं काम पाहून मला गुदमरल्यासारखं झालं," ती म्हणाली. "एका माणसाच्या झोपेसाठी सगळ्या घराने श्वास रोखून धरायचा. घरात एवढी भीती होती का? तुमचं बालपण त्यात हरवलं असं नाही वाटत?"

धनराजभाऊंनी मान खाली घातली. नव्या शर्टाची कॉलर त्यांना टोचायला लागली.

दिव्यानी म्हणाली, "भीती नव्हती. कशी होती ते सांगते. माझ्या आईचं माहेर कुरखेड्याकडे. धानाची कणसं भरायला लागली, की रानडुकरं शेतात शिरतात. मग घरातलं कोणीतरी शेतातल्या मचाणावर बसून राखण करतं. आजोबा जायचे, मामा जायचे, लग्नाच्या आधी आईसुद्धा गेली आहे. धानाला भिऊन कोणी राखण करत नाही. माझे वडील रात्रभर मशीनजवळ उभे असायचे आणि तिथे डोळा लागून चालत नाही. ते तिथे नीट जागे राहावेत म्हणून आम्ही दिवसा त्यांची झोप राखायचो. सगळी गल्ली राखायची. आणि मला राग नव्हता असं नाही. वाढदिवसाला टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हटल्यावर कुणाला राग येणार नाही? मी एकदा स्टीलचं ताट हातात घेऊन त्यांच्या दाराशी उभी राहिले होते, आपटायला. पण ते पाय पोटाशी घेऊन झोपले होते. मिलमधला भुसा अजून कानाशी होता. मी ताट परत नेऊन ठेवलं, आईच्या टॉवेलवर."

मग तिने आईवडिलांकडे हात केला.

"माझे आईवडील आले आहेत," ती म्हणाली. "त्या तिथे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रदर्शनवाल्या बाईंनी माइक पुढे पाठवला. रंभाबाईंनी तो गरम असल्यासारखा नवऱ्याच्या हातात दिला. धनराजभाऊ उभे राहिले. पिंपळाखाली तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाने माइक दोन्ही हातांनी धरला.

"मले मालूम नव्हतं," ते म्हणाले, आणि खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर रंभाबाई कुठे दिसेनात. शोधलं तर त्या दुसऱ्याच एका खोलीत, कुणा जपानी कलाकाराच्या व्हिडिओसमोर बाकावर बसल्या होत्या. बर्फ पडत होता आणि एक म्हातारा माणूस अंगणातला बर्फ झाडत होता. तो झाडायचा, बर्फ पुन्हा पडायचा.

"चाल ना," धनराजभाऊ म्हणाले.

"थांबा जरा. त्याचं अंगण होऊन राह्यलं."

"ते होत नसते. फिरून फिरून तेच लावते."

"नाई झालं तं नाई," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून आणखी नीट बसल्या. ज्या बाईला यायचं नव्हतं, ती आता हलायला तयार नव्हती. दिव्यानीने वडिलांना खुणेनेच बाहेर बोलावलं.

दोघं बाहेरच्या पायऱ्यांवर बसले. समोरच्या झाडात कावळे भांडत होते.

"तुले चंद्रपूरच्या डॉक्टरकडे नेलो होतो," धनराजभाऊ म्हणाले. "मालूम हाय तुले?"

"मंग! मी कशी विसरन?"

"माह्यानंच झालं ते. तू बोलत नव्हती ते. अन् मी तुलेच डॉक्टरले दाखवलो."

दिव्यानी हसायला लागली. त्यांना ते आवडलं नाही.

"बाबा, तुमाले अर्धंच आठवते," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही रात्रपाळी करून आले, अन् झोपलेच नाई. तसेच मले घेऊन बसमधी बसले. दिवसा उजेडात तुम्ही जागे, अन् माह्या एकटीजवळ! बल्लारपूर सुटलं तशी मी बोलाले लागली. चंद्रपूरपर्यंत बोलली. डॉक्टरजवळ गेल्यावर तुम्ही त्यायले म्हटलं, 'साहेब, हे तं आता थांबतच नाई.' डॉक्टर हासले. येताना तुम्ही मले रसवंतीत नेलं, तिथी बी मी बोलतच होती. वापसीच्या बसमधी तुमची मान पडत होती, अन् तुम्ही डोळे फाडून फाडून 'हो, हो, मंग?' म्हणत होते."

धनराजभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. रसवंती त्यांना आठवली. घुंगराचा आवाज आठवला. पोरगी काय बोलत होती ते मात्र काही केल्या आठवेना.

"का सांगत होती तू मले?"

"मले का मालूम! शाळेतलं, रीतामावशीच्या मांजरीचं. पोरं का सांगतेत?" ती त्यांच्या खांद्याला टेकली. "तुम्ही आयकत होते. बस."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण आधी तिने तो घेतला.

बल्लारपूरला परत आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते मुखरूभाऊंच्या दारात जाऊन उभं राहण्याचं. मुखरूभाऊ पाटाला रंधा मारत होते.

"तू गाडी ढकलत आनत होता," धनराजभाऊ म्हणाले. "एवढे वर्ष."

"पाह्यला का पिक्चर?" मुखरूभाऊंनी रंधा थांबवला नाही. "हिरो कसा वाटला?"

"मस्करी नोको करू. काऊन करत होता?"

आता रंधा थांबला. मुखरूभाऊंनी फुंकर मारून पाटावरचा भुसा उडवला. "माहा बाप कोळसा खाणीत होता, रात्रपाळीले. आमच्या चाळीत दिवसभर कल्ला. त्याले कधी झोप नाई भेटली. घरी आला का आमाले मारे, मायले मारे, अन् मंग स्वताच रडत बसे. वाईट नव्हता रे तो. झोप नव्हती त्याले." त्यांनी रंध्यावरून बोट फिरवलं. "तू लगन करून इथी राहाले आला, अन् वहिनी पहिल्याच दिवशी दारोदारी जाऊन सांगून आली का, याहिची रात्रपाळी हाय, जरा सांभाळून घ्या. मले बरं वाटलं. गाडी ढकलाले का जाते?"

धनराजभाऊंनी शेजारी पडलेला खराटा उचलला आणि मुखरूभाऊंच्या ओसरीतला भुसा झाडून काढू लागले. मुखरूभाऊंनी त्यांना अडवलं नाही.

प्रदर्शन संपल्यावर दिव्यानी तो व्हिडिओ घेऊन गावी आली. गल्लीतल्या लोकांनी तो पाहायलाच हवा, असं तिचं म्हणणं होतं. एका रविवारी सकाळी समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि भिंतीवर धोतर ताणलं. सगळी गल्ली आली. मुंबईला जो व्हिडिओ पाहताना लोक कुजबुजतसुद्धा नव्हते, तोच इथे कुणाला ऐकूच आला नाही. "अवं, हे मी!" "रीताबाई, किती जाड दिसून राह्यली तू!" "मुखरूभाऊ, पोट आत घ्या!" पोरांनी त्रिफळ्याच्या वेळी अशी काही आरोळी ठोकली, की बाहेर झोपलेलं कुत्रं पळून गेलं. भाजीवाली बाई आपल्या चित्राला उठून हात जोडून आली. धनराजभाऊ दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला चिवडा देत होते. भाषण कर, भाषण कर, असा आग्रह झाला तेव्हा ते म्हणाले, "आवाज आयकला ना माहा? मंग झालं भाषण." त्यावर जो हशा पिकला त्यात रंभाबाईंचं हसू त्यांनी वेगळं ओळखलं. मोठं, मोकळं हसू होतं ते. लग्नानंतर बायकोला एवढ्या मोठ्याने हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं, निदान जागेपणी तरी.

पुढचे काही दिवस त्यांना दुपारी झोपच येईना. ते डोळे मिटून पडत आणि कान देत. स्वयंपाकघरात काही चाललं आहे हे आता कळायचं, आणि ते न वाजता चाललं आहे हेही कळायचं. शेवटी एकदा ते उठून आत गेले.

"रंभा, आता मी रिकामा माणूस हाव. वाजू दे भांडे. तुले सांगतो ना, आपट खुशाल."

"मले नाई जमत," त्या म्हणाल्या. त्यांनी खरंच एकदा प्रयत्न केला. पेला उंच धरला, हात सोडायचा म्हणून मन घट्ट केलं, आणि मग नेहमीसारखाच अलगद टॉवेलवर ठेवून दिला. दोघं हसले.

"मंग मीच करतो," म्हणत धनराजभाऊंनी चहाचा गंज, म्हणजे पातेलं, घासायला घेतला. त्यांच्या हाताला भांड्यांची सवय नव्हती. झाकण निसटलं, फरशीवर आदळलं आणि गिरक्या घेत सगळ्या घरभर वाजत राहिलं.

"श्श!" रंभाबाईंनी दचकून मधल्या खोलीकडे पाहिलं. मग समोर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. आणि कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हापासून दुपारचा चहा धनराजभाऊच करतात. झोप त्यांची हळूहळू परत आली आहे, पण आता ती थोडकी असते, ते उठतात, आत जाऊन खडखडाट करतात आणि बाहेरच्या खोलीत जरा पडलेल्या रंभाबाई ओरडतात, "अजी, गंज फोडता का?" हे ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत जातं.

परवा दिव्यानीचा फोन आला तेव्हाही तेच चाललं होतं.

"आई, हा कायचा आवाज होय?"

"तुहे बाबा च्या मांडून राह्यले," रंभाबाई म्हणाल्या, आणि फोन दुसऱ्या कानाला लावून त्या पोरीला विचारू लागल्या, की तो बर्फ झाडणारा म्हातारा आता कोणत्या गावाला गेला, आणि तिथे त्याला पाहायला लोक येतात का.